फिर्याद कोणाची, खटला कोणाचा?

“पोलिसांत केस टाकली आहे,” असे सांगत एखादा बांधव आपल्याकडे येतो. त्याच्या हातातील कागद नीट वाचला की पुष्कळदा ती ‘एन.सी.’ निघते. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अशा गुन्ह्याचा तपास पोलिसांना करता येत नाही. तो बिचारा मात्र महिनोन्‌महिने तपासाची वाट पाहत असतो. म्हणून हा भेद आधी समजून घेतला पाहिजे.

खून, दरोडा, बलात्कार, जातीय अत्याचार हे दखलपात्र गुन्हे होत. यांची खबर मिळताच ठाणे अंमलदाराने ती लिहून घेऊन वाचून दाखवावी, सही घ्यावी आणि प्रत विनामूल्य द्यावी. हाच प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफ.आय.आर. ठाण्यात नोंद नाकारली तर खबर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. सिन्नर, इगतपुरीकडील मंडळींसाठी ते नाशिक ग्रामीणचे अधीक्षक. शहरात पोलीस आयुक्तालय आहे. तेथेही दाद लागली नाही तर प्रथमवर्ग न्याय दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो. पोस्टाची पावती जपून ठेवावी. पुढे तीच कामी येते.

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने ‘३०२’ आता १०३ झाले आणि ‘चारसोबीस’ ३१८ मध्ये गेले, तरी लोकांच्या तोंडचा चारसोबीस काही जाणार नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र स्वतंत्रच आहे. त्याखालील गुन्ह्याचा तपास नियमानुसार उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. ‘चौकशी करून मग पाहू’ असे उत्तर मिळाले तर कलम १८-अ दाखवावे.

आता सरकारी वकिलाविषयी. ‘सरकारी वकील आमचे ऐकत नाही, मग तो आमचा कसला?’ हा प्रश्न नेहमी येतो. खरे सांगायचे तर तो आपला वकील नसतोच. गुन्हा हा राज्याविरुद्धचा अपराध मानला जातो, म्हणून खटल्याच्या कागदावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी’ असे असते. फिर्यादी त्यात साक्षीदार ठरतो. हे ऐकून पीडिताच्या घरचे हिरमुसतात आणि त्यात नवल नाही.

याचे जवळचे उदाहरण सोनईचे. नेवासे तालुक्यात १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजातील तीन तरुणांचा आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या रागातून खून झाला. खटला आपल्या नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला. शासनातर्फे विशेष सरकारी वकील म्हणून अॅड. उज्ज्वल निकम उभे राहिले. २० जानेवारी २०१८ रोजी सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, एक जण सुटला. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही; त्यामुळे ‘निकाल लागला’ म्हणजे प्रकरण संपले असे नव्हे.

मग पीडिताने नुसते पाहत बसावे काय? नाही. अत्याचार कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ प्रमाणे आरोपीच्या जामिनासह प्रत्येक कामकाजाची सूचना मिळण्याचा आणि न्यायालयात आपले म्हणणे मांडण्याचा त्याला हक्क आहे. आरोपी जामिनावर सुटून दारात उभा राहिल्यावर कळते, असे घडते तेव्हा हा हक्क डावललेला असतो. तशी लेखी तक्रार विशेष न्यायालयाकडे करावी. शिवाय पीडिताने मागणी केल्यास जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, नामांकित वकील नेमू शकतात. ही मागणी करणारे फार थोडे.

स्वतःचा वकील लावण्यास पैसे नसतील तर सी.बी.एस.जवळील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना तेथे मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. साध्या कागदावर अर्ज लिहावा, सोबत जातीचा दाखला व एफ.आय.आर.ची प्रत जोडावी.