राखणीच्या कुत्र्याचे दांत

बैल घेतांना ओठ वर करून दांत पाहिल्यावांचून आपण सौदा करीत नाहीं. परंतु रात्रभर खळें राखणाऱ्या कुत्र्याचें तोंड सहसा कोणी पाहत नाहीं. पिल्लाचे २८ दुधाचे दांत पडून सुमारें सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दांत येतात. मांजरास ३० येतात. दांतांवरील चिकट थर कठीण होऊन त्याचें पिवळट कीट बनतें, हिरडी सुजते व अखेर दांत हलूं लागतो. तोंडास दुर्गंधि येणें व एकाच बाजूनें चावणें हीं त्याचीं लक्षणें होत. डोळ्याखालीं सूज आल्यास ती बहुधा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशीं पू झाल्याची असते. गांधीलमाशी चावली असें समजून ती अंगावर काढणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

लहानपणापासून कुत्र्यास तोंडाला हात लावूं देण्याची संवय लावावी व ओल्या मऊ फडक्यानें त्याचे दांत रोज पुसावे. माणसांचें दंतमंजन वापरूं नये. कांहींत झायलिटॉल असतें, तें कुत्र्यास विषारी आहे. टणक हाडानें दाढ चिरते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

मात्र एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतों. जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल व गिळतां येत नसेल, तर हाड अडकलें असें समजून तोंडांत हात घालूं नये. तें पिसाळल्याचें लक्षण असूं शकतें. हातास ओरखडा असून लाळ लागलीच, तर साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखान्यांत लस घ्यावी. कुत्र्यास दुरूनच कोंडून पशुवैद्यास बोलवावें. निरोग्या कुत्र्यास दरवर्षीं लस टोचवावी व तिचा दाखला साऱ्याच्या पावतीशेजारीं ठेवावा.