दुसऱ्या टोकाचा गोलंदाज

शाळेचा क्रिकेट संघ निवडायचा दिवस तुम्ही पाहिलेला आहे. समजा, तुम्ही थोडी गोलंदाजी करता, सहाव्या क्रमांकावर फलंदाजी करता आणि क्षेत्ररक्षणही चांगले करता. गेल्या वर्षी संघात तुमची जागा पक्की होती. यंदा जूनमध्ये दोन नवे विद्यार्थी शाळेत दाखल झाले. एकाचा फटका मैदानाच्या भिंतीपलीकडे जातो. दुसरा अगदी तुमच्यासारखीच फिरकी टाकतो, पण त्याचा चेंडू तुमच्यापेक्षा दुप्पट वळतो. आता तुमच्या जागेचे काय? काही मुले अशा वेळी रुसून घरी बसतात. काही मुले त्या नव्या मुलाची नक्कल करू लागतात आणि आपले होते तेही विसरतात. (खो-खो खेळणाऱ्या मुलींनी हसू नये. त्यांच्या संघातही हेच घडते.)

मराठीत अशा खेळाडूला ‘अष्टपैलू’ म्हणतात. हा शब्द नीट पाहा. अष्ट म्हणजे आठ. पैलू म्हणजे बाजू, हिऱ्याची घासलेली बाजू. उर्दूतला ‘पहलू’ आणि मराठीतला ‘पैलू’ हे एकाच घरचे शब्द आहेत. ज्याला अनेक बाजू आहेत तो अष्टपैलू. पण मोठे खेळाडू संघात आले की अष्टपैलू खेळाडूचीच पंचाईत होते, कारण त्याच्या प्रत्येक बाजूला त्याच्याहून सरस असा कोणी तरी सापडतो.

हा प्रश्न सगळ्याच सांघिक खेळांत आहे. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका संघाचे पाच खेळाडू असतात आणि चेंडू एकच. क्रोएशियाचे टोनी कुकोच युरोपातील नामवंत खेळाडू होते. ते १९९३ मध्ये अमेरिकेतील शिकागो बुल्स संघात गेले. पुढे त्यांच्याभोवती मायकेल जॉर्डन, स्कॉटी पिपेन आणि डेनिस रॉडमन असे तीन तारे जमले. कुकोच यांनी १९९५-९६ च्या हंगामात बहुतेक सामन्यांत बाकावरून उठून खेळ केला आणि सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार मिळवला. त्या हंगामात त्यांच्या संघाने ८२ पैकी ७२ साखळी सामने जिंकले.

पण आपल्याला इतके दूर जायला नको. रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजे बापू नाडकर्णी, यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी आपल्या नाशिकमध्ये झाला. ते डाव्या हाताने फलंदाजी करत आणि डाव्या हातानेच संथ गोलंदाजी करत. गंमत अशी, की त्यांच्या काळात भारताकडे डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांची रांगच लागली होती. आधी विनू मंकड होते, मग सलीम दुराणी आले आणि शेवटी बिशनसिंग बेदी. तिघेही तारे. बापूंना या तिघांच्या काळात आपली जागा राखायची होती.

सुरुवात फार कठीण झाली. डिसेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीच्या कसोटीत मंकड विश्रांती घेत होते, म्हणून बापूंना संधी मिळाली. त्यांनी नाबाद ६८ धावा केल्या. गोलंदाजीत त्यांनी ५७ षटके टाकली, पण एकही बळी मिळाला नाही. पुढच्या कसोटीत मंकड परत आले आणि बापूंना बाहेर बसावे लागले. पहिल्याच सामन्यात अर्धशतक करूनही बाहेर! यात निवड समितीचा फार दोष होता असे मला वाटत नाही. मंकड हे मंकड होते. त्याच मालिकेतील शेवटच्या कसोटीत त्यांनी २३१ धावा केल्या.

मग बापूंनी काय केले? त्यांनी दुसरा मंकड होण्याचा हट्ट धरला नाही. सलीम दुराणी आले तेव्हा दुसरा दुराणीही झाले नाहीत. दुराणींची गोष्टच वेगळी होती. त्यांचा चेंडू हवेत तरंगायचा आणि झपकन वळायचा. १९६१-६२ मध्ये इंग्लंडविरुद्ध कोलकाता आणि मद्रास या दोन कसोट्यांत त्यांनी मिळून १८ बळी घेतले आणि भारताने मालिका जिंकली. पण असा गोलंदाज धोका पत्करतो. तो फलंदाजाला मोह घालतो, म्हणून कधी धावाही देतो. आता विचार करा. दोन्ही टोकांकडून धावा जाऊ लागल्या तर कर्णधार काय करील? त्याला दुसऱ्या टोकाला असा माणूस हवा, जो दार बंद करून उभा राहील. संघात जी वस्तू कोणाकडेच नव्हती, ती बापूंनी आपल्या हाती कमावली. सांगतात, की ते सरावात खेळपट्टीवर एक नाणे ठेवत आणि पुन्हा पुन्हा त्या नाण्यावरच चेंडू टाकत.

मराठीत याला ‘टिच्चून गोलंदाजी’ म्हणतात. टिच्चून म्हणजे चिकाटीने, जागा न सोडता. आपण घरी ‘सब्र’ म्हणतो, तो यात आहेच. पण नुसता सब्र नाही, नेमही आहे.

जानेवारी १९६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, कसोटी सामना झाला. मन्सूर अली खान पतौडी कर्णधार होते. इंग्लंडच्या पहिल्या डावात बापूंनी ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ षटके निर्धाव होती, म्हणजे त्या षटकांत एकही धाव झाली नाही. त्यांनी एकूण ५ धावा दिल्या आणि बळी शून्य. आता वहीत हिशेब करा. ३२ मधून २७ गेले, उरली ५ षटके, आणि धावाही ५. म्हणजे त्या प्रत्येक षटकात फक्त एकच धाव निघाली! मध्ये सलग २१ षटके निर्धाव गेली. सलग १३१ चेंडूंवर फलंदाजांना एकही धाव करता आली नाही.

तुम्ही म्हणाल, बळी शून्य, मग कौतुक कशाचे? त्याच डावाचा तक्ता पुढे वाचा. दुसरे फिरकी गोलंदाज चंदू बोर्डे यांनी ८८ धावा देऊन ५ बळी घेतले. एका टोकाला धाव मिळेना, तेव्हा धावांसाठी दुसऱ्या टोकाकडे पाहावे लागते. बोर्डे यांचे पाच बळी त्यांच्या स्वतःच्या कसबाचे होते, हे खरेच. पण त्यांना धोका पत्करण्याची मोकळीक बापूंनी मिळवून दिली.

तरी एक बाजू लपवू नये. त्या मालिकेतील पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. निर्धाव षटकाला दोघे लागतात, न चुकणारा गोलंदाज आणि न मारणारा फलंदाज. असा खेळ पाहायला कंटाळवाणा होतो, अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदी खोटी नाही. दार बंद करणाऱ्याला घर जिंकता येत नाही, त्यासाठी दुसरा कोणी लागतो. मात्र वेळ आली तेव्हा बापूंनी दुसरे पैलूही दाखवले. त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑनची पाळी आली. बापूंनी पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा केल्या. शेवटी त्यांच्या समोर दुराणी नाबाद ६१ वर उभे होते. एक डावखुरा ठोकत होता, दुसरा डावखुरा टिकत होता. पुढच्याच हंगामात मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध बापूंनी एका कसोटीत ११ बळी घेतले.

१९६८ मध्ये पतौडींचा संघ न्यूझीलंडला गेला. आता संघात बेदी होते, इरापल्ली प्रसन्ना होते. दोघेही तरुण, दोघेही बळी घेणारे. बापू पस्तिशीला टेकले होते. वेलिंग्टनच्या कसोटीत अजित वाडेकर यांनी १४३ धावा काढल्या आणि पहिल्या डावात प्रसन्नांनी ५ बळी घेतले. दुसऱ्या डावात बापूंनी ४३ धावांत ६ बळी घेतले आणि भारत जिंकला. ती मालिका भारताने ३-१ अशी जिंकली. परदेशात कसोटी मालिका जिंकण्याची भारताची ती पहिलीच वेळ होती.

त्या दौऱ्यानंतर बापू कसोटी खेळले नाहीत. ४१ कसोट्यांत त्यांच्या नावावर १४१४ धावा आणि ८८ बळी आहेत. साऱ्या कारकिर्दीत त्यांनी एका षटकामागे सरासरी दोन धावाही दिल्या नाहीत. १७ जानेवारी २०२० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय : दिल्लीच्या कसोटीनंतर बापूंना संघाबाहेर का बसावे लागले? ‘निर्धाव षटकाला दोघे लागतात’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा. ‘पैलू’ आणि ‘पहलू’ यांसारखे मराठी व उर्दू दोन्ही भाषांत सापडणारे पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचे मराठी वाक्य करा. तुम्ही १९६४ चे कर्णधार असता, तर सामना जिंकण्यासाठी बापूंना सलग इतकी षटके दिली असती का? आठ ओळी लिहा.