पाय रात्री झोपू देत नाहीत

प्रश्न : वय 47, शुद्ध शाकाहारी. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत मुंग्या चालल्यासारखं होतं. उठून अंगणात फेऱ्या मारल्या की थांबतं. झोपेची गोळी घेऊ का? – एक वाचक, होटगी

उत्तर : ताई, गोळी नको. पाय हलवले की बरं वाटतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हा त्रास रेस्टलेस लेग्जचा दिसतो आणि त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासा. या त्रासात ते 75 च्या खाली असेल तर डॉक्टर लोह सुरू करण्याचा विचार करतात. जेवणावर लगेच चहा पीत असाल तर तो तासभर पुढे ढकला. डाळीवर लिंबू पिळा.

तुम्ही शुद्ध शाकाहारी आहात, म्हणून सोबत बी-12 पाहा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कितीही खाल्ली तरी त्यांत बी-12 नाही. पेलाभर दुधात ते जेमतेम 1 मायक्रोग्रॅम, गरज दोनाच्या वर. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी घटतं. तपासणीआधी ‘ताकदीचं इंजेक्शन’ मात्र घेऊ नका, आकडा फसवा येतो. नुसतं फॉलिक अ‍ॅसिडही नको. रक्त सुधारतं, नसांचं नुकसान चालूच राहतं.

डी जीवनसत्त्वाचं विचाराल, तर त्याचा झोपेशी संबंध इतका पक्का नाही.

तळवे बधिर झाले किंवा अंधारात तोल जाऊ लागला, तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.