बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवू नका

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी त्याला ऐकू येणारे आवाज थांबले. आता तो गोळ्या नको म्हणतो आणि आई म्हणते, लग्न लावून देऊ, मार्गी लागेल. काय करावं?

उत्तर : आवाज थांबलेत ते गोळ्यांमुळेच. त्या मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा परिणाम आवरतात. मध्येच बंद केल्या, तर आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो आणि दर खेपेला सावरणं अवघड होऊ शकतं. तो नको का म्हणतो, हे मात्र शांतपणे विचारा. सुस्ती, वाढतं वजन, हातांची थरथर यांचा त्रास असेल, तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलतील. रोजच्या गोळीऐवजी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही मिळतं.

लग्न हा उपचार नव्हे. आजार लपवून लग्न लावणं हा त्या मुलीवर अन्याय आहे, तुमच्या भावावरही. तो स्थिरावल्यावर, त्याची इच्छा असेल तर, सगळं सांगूनच पुढे जा. आईंना सांगा, हा आजार त्यांच्या संगोपनामुळे झालेला नाही.

पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था कुटुंबीयांसाठी काम करते. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे. भावाने जीव देण्याची भाषा केली, तर त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्या.