एकट्याचा धंदा, एकट्याचे ओझे?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या परिचयातील एक भगिनी घराच्या पडवीत शिलाई मशीन टाकून लग्नाचे गाऊन, ब्लाऊज आणि मुलींचे फ्रॉक शिवत असे. हात चांगला होता, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. ऐन नोव्हेंबरात तिला डेंग्यू झाला आणि ती तीन आठवडे अंथरुणाला खिळली. पुढे नाताळ, त्यामागोमाग लग्नसराई. कापडांच्या पिशव्यांवर कुणाचीच नावे नव्हती. मापे अर्धी वहीत, अर्धी डोक्यात. घेतलेले अॅडव्हान्सचे पैसे मुलाच्या फीमध्ये खर्च झाले होते. गिऱ्हाइके दारात येऊन परत जात होती. बरी झाल्यावर ती आम्हाला म्हणाली, "फादर, आजारापेक्षा त्या दारावरच्या थापांनी मी जास्त खचले."

आपल्या धर्मग्रामात असे एकट्याने धंदा करणारे थोडे नाहीत. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रिक्षाचालक, केक बनवणाऱ्या गृहिणी, शिकवणी घेणारे शिक्षक, मोबाईल दुरुस्त करणारे तरुण. यांना मालकाचा जाच नाही हे खरे, पण महिन्याचा पगार नाही, रजा नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. मालक, कामगार, हिशेबनीस आणि शिपाई एकच! या स्थितीचा आज आपण थोडा विचार करू या.

१. श्रमाची किंमत

एकट्याने धंदा करणारा पहिली चूक करतो ती दर ठरवताना. "शेजारीण ज्या भावात शिवते त्यापेक्षा वीस रुपये कमी" हा हिशेब नव्हे. एक उदाहरण घेऊ. समजा, घरखर्चाला महिन्याला १८,००० रुपये लागतात. वीज, दोरे, मशीनची दुरुस्ती, जाणे-येणे यांना ४,५०० रुपये लागतात आणि अडीअडचणीसाठी १,५०० रुपये बाजूला टाकायचे आहेत. एकूण झाले २४,००० रुपये. रविवार आणि खरेदीचा एखादा दिवस वगळला तर कामाचे दिवस २४ उरतात. दिवसाचे नऊ तास काम केले तरी प्रत्यक्ष शिलाई सहाच तास होते. बाकीचे तास मापे घेण्यात, बोलण्यात आणि बाजारात जातात. म्हणजे महिन्याला १४४ तास आणि तासाला सुमारे १६७ रुपये. ज्या ब्लाऊजला दोन तास लागतात त्याची शिलाई १५० रुपये घेतली, तर आपण आपल्याच घरातून गिऱ्हाइकाला पैसे देत आहोत.

योग्य दर मागणे म्हणजे लोभ नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमावर एक परिपत्रक लिहिले. त्यात श्रमाचे मोल केवळ तयार झालेल्या वस्तूवरून न ठरवता श्रम करणाऱ्या माणसावरून पाहावे, असा विचार मांडला आहे. हा विचार कारखान्यातल्या कामगारासाठी आपण चटकन मान्य करतो. परंतु जेथे मालक आणि कामगार एकच असतो, तेथे आपल्यातला मालक आपल्यातल्या कामगाराला बिनदिक्कत पिळत राहतो.

२. दोन पाकिटे

धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा एकाच डब्यात ठेवू नये. बँकेत दोन खाती असावीत. अॅडव्हान्स म्हणजे आपली कमाई नव्हे. काम पूर्ण होईपर्यंत ती गिऱ्हाइकाची ठेव आहे. ठरावीक तारखेला धंद्याच्या खात्यातून स्वतःला पगार द्यावा आणि घर त्यात चालवावे. हे सांगायला सोपे, करायला कठीण. मुलाची फी समोर उभी राहिली की हात त्या डब्याकडे वळतोच. म्हणूनच डबे दोन हवेत.

उधारीबाबतही जागरूक राहावे. काम बोलण्यावर न ठेवता लिहून घ्यावे. व्हॉट्सअॅपवरचा संदेशही नसण्यापेक्षा बरा. शाळेचे गणवेश, एखाद्या कंपनीचे वायरिंग अशी कामे करणाऱ्यांनी 'उद्यम' नोंदणी जरूर करावी. ती २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास व्याज मागता येते. हक्क माहीत असला की मागताना मान खाली घालावी लागत नाही.

३. आजारपण आणि अपघात

हात थांबला की चूल थांबते, ही या धंद्याची खरी भीती. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघाती विमा मिळतो. जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा मिळतो. बँकेत खाते असलेल्याने या दोन्ही गोष्टी पुढे ढकलू नयेत. मात्र एक लक्षात घ्यावे. डेंग्यूने तीन आठवडे घरी बसलेल्या माणसाला या योजनांतून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी आरोग्य विमा वेगळा हवा आणि निदान तीन महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक हवी. ती एका वर्षात साठणार नाही, पण महिन्याला हजार-दीड हजाराने सुरुवात तरी करता येते.

४. दुसरे नाव

भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने 'एका व्यक्तीची कंपनी' काढण्याची सोय झाली. गंमत अशी की, ही कंपनी काढतानाही दुसऱ्या एका व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने द्यावे लागते. मालकाचे निधन झाले किंवा तो असमर्थ झाला तर पुढे कोण, याचे उत्तर कायदा आधीच मागतो. आपल्यापैकी बहुतेकांची कंपनी नाही, साधा धंदा आहे. त्याला हे बंधन नाही आणि म्हणून आपण हा प्रश्न स्वतःला कधी विचारतही नाही.

त्या भगिनीला खरी उणीव पैशाची नव्हती, दुसऱ्या नावाची होती. तिच्याच गल्लीत शिलाई करणाऱ्या आणखी दोघीजणी होत्या. परंतु त्या 'स्पर्धक' होत्या! संत पौल तंबू बनवण्याचा धंदा करीत असे. करिंथला गेल्यावर त्याच धंद्यातल्या अक्विला आणि प्रिस्किला यांच्या घरी तो राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. एका धंद्यातली माणसे एका छपराखाली बसू शकतात, हे आपण विसरतो.

मोशेची गोष्ट तर आपल्याला ठाऊकच आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे तो एकटाच सोडवीत बसे. सासरा इथ्रो याने ते पाहिले आणि हे बरे नव्हे, तू थकून जाशील, असे बजावले. मोशेने ते ऐकले आणि कामे वाटून दिली. संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदर्शीपणाचे जे भाग सांगितले आहेत, त्यांत दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी हाही एक भाग आहे. जो सर्व काही एकट्याने करतो तो शहाणाच असतो असे नाही. कधी कधी तो फक्त विचारायला लाजत असतो.

५. दुकान बंद करण्याची वेळ

नोकरदाराला भोंगा वाजला की घरी जाता येते. एकट्या धंदेवाल्याला "आज पुरे" असे म्हणणारा कुणी नसतो. रात्री साडेदहाला फोन वाजतो आणि जेवणाचे ताट तसेच राहते. रविवारची विश्रांती ही आज्ञा आहे हे आपण जाणतो. तिच्यात शहाणपणही आहे. गिऱ्हाइकाला वेळ आधीच सांगितली तर ते सहसा रागावत नाही. रागावते ते खोट्या वायद्यांवर.

त्या भगिनीचे पुढे काय झाले? आज तिच्या प्रत्येक पिशवीवर नाव, माप आणि तारखेची चिठ्ठी असते. गल्लीतल्या दोघींशी तिने बोलणी केली. एक आजारी पडली तर तातडीची कामे दुसरीने पूर्ण करायची आणि शिलाई जिने केली तिने घ्यायची. दोन गिऱ्हाइके कायमची तुटली, त्याचे तिला वाईट वाटते. पण गेल्या पावसाळ्यात त्यांच्यातल्या एकीचा पाय मोडला, तेव्हा दारावर थापा पडल्या नाहीत.

चिंतनासाठी प्रश्न

१. उद्या आपण महिनाभर अंथरुणाला खिळलो, तर आपल्या धंद्याची माहिती कुणाला आहे?

२. आपल्या एका तासाची किंमत आपण कधी काढली आहे का?

३. आपल्याच धंद्यातल्या कोणत्या शेजाऱ्याशी आपण या आठवड्यात बोलू शकतो?

आपल्या वाडीतल्या समूहसभेत या प्रश्नांवर जरूर चर्चा करावी. आणि ज्यांना पगार मिळतो अशा आपण सर्वांनीही एवढे करावे: शिंपिणीचे, सुताराचे, प्लंबरचे पैसे आज द्यायचे असतील तर ते उद्यावर टाकू नयेत.