शौचालय, आरोग्य आणि आपली श्रद्धा

वाचन : अनुवाद २३:१२-१४, मार्क ७:१४-२३, योहान १३:१-१५



मिस्सा संपल्यावर हातात पडणाऱ्या या पत्रकात संडासाच्या गोष्टी कशाला, असे काहींना वाटेल. आम्हीही लिहावे की नाही याचा बराच विचार केला. पण पवित्र शास्त्राने हा विषय टाळलेला नाही. मग आपण लाजून का टाळावा?

१. देव छावणीतून चालतो

इस्राएल लोक रानात तंबू ठोकून राहत होते. त्या काळात मोशेने त्यांना एक साधा नियम दिला. शौचासाठी छावणीबाहेर ठरलेल्या जागी जावे, सोबत खणायचे हत्यार न्यावे, खड्डा करावा आणि नंतर माती लोटून सर्व झाकून टाकावे. याचे कारणही तिथेच दिले आहे. परमेश्वर तुमच्या छावणीतून चालत असतो, म्हणून छावणी पवित्र असली पाहिजे.

हे कारण पुन्हा एकदा वाचा. शौचाचा नियम आणि देवाचे सान्निध्य एकाच वाक्यात आले आहेत. देव फक्त वेदीपाशी नसतो. तो आपल्या गल्लीतून, विहिरीच्या वाटेवरून, तलावाच्या पाळीवरूनही चालतो. त्या वाटेवर त्याला काय दिसते?

२. मग येशूने वेगळे सांगितले का?

कोणी म्हणेल, “बाहेरून आत जाणारे माणसाला विटाळत नाही, असे प्रभू येशूनेच म्हटले आहे. मग हात धुण्याचे एवढे अवडंबर कशाला?” प्रश्न योग्य आहे. पण येशूचा वाद परूशांच्या विधीशी होता. हात धुतले की माणूस देवापुढे शुद्ध झाला, मनात लोभ आणि मत्सर असला तरी चालेल, या समजुतीला त्याने नाकारले. स्वच्छतेला त्याने नाकारले नाही. उलट याच उताऱ्यात अन्न पोटात जाते आणि शौचावाटे बाहेर पडते, हे तो शिष्यांना सहज सांगतो. शरीराची त्याला लाज नव्हती, कारण शरीर त्याच्या पित्यानेच घडवले आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला प्लेटोचा विचार शिकवला गेला. त्याच्या मते आत्मा शरीराच्या तुरुंगात अडकलेला आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी वेगळी वाट धरली. शरीर आणि आत्मा मिळूनच एक माणूस होतो, असे त्यांनी मांडले. ख्रिस्तसभेने हीच शिकवण जपली आहे. म्हणून जुलाबाने सुकलेल्या बाळाची काळजी घेणे हे आत्म्याच्या कामाहून हलके काम नाही. ती एकाच माणसाची सेवा आहे.

३. रोग कोणत्या वाटेने येतो?

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा आणि धानाचा. पावसाळ्यात बांध्या भरतात, विहिरींचे पाणी वर येते, नाले तुडुंब वाहतात. उघड्यावर पडलेली घाण या पाण्याबरोबर विहिरीत, बोडीत आणि तलावात उतरते. माशा तीच घाण पायांना लावून आपल्या ताटावर बसतात. न धुतलेल्या हातांनी तीच घाण भाकरीला लागते. गॅस्ट्रो, हगवण, विषमज्वर, कावीळ हे रोग याच वाटांनी घरात शिरतात.

पाण्याची ही वाट १८५४ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिली. कॉलरा दूषित हवेने होतो, असे तेव्हा मानले जाई. त्यांनी घरोघरी चौकशी केली, मृत्यू कोठे कोठे झाले ते नकाशावर मांडले आणि बहुतेक मृत्यू एकाच सार्वजनिक पंपाच्या आसपास झाल्याचे सिद्ध केले. त्या पंपाचा दांडा काढण्यात आला.

आपल्या बायाबापड्यांसाठी आणखी एक रोग महत्त्वाचा आहे. अंकुशकृमी नावाचा जंत ओल्या मातीत वाढतो आणि अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतो. तो आतड्याला चिकटून रक्त पितो. दिवसभर चिखलात रोवणी करणारी बाई आधीच अशक्त असते, त्यात हा जंत तिचे रक्त आणखी कमी करतो. शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात. ती मुलांना जरूर द्या. पण शिवारातली घाण तशीच राहिली, तर जंत पुन्हा येतात.

रोगाइतकाच लाजेचाही त्रास आहे. घरी संडास नसलेली बाई अंधार पडेपर्यंत थांबते. थांबावे लागू नये म्हणून ती पाणी कमी पिते, आणि मग लघवीची जळजळ व इतर दुखणी सोसते. पावसाळ्यात सापाची भीती, जंगलाजवळच्या गावांत अस्वलाची आणि रानडुकराची भीती, आणि सगळीकडे वाईट नजरेच्या माणसाची भीती असतेच. वयात आलेल्या मुलीच्या बापाने या गोष्टीचा विचार करावा.

४. विदर्भाचा झाडू

स्वच्छतेचा सर्वांत मोठा शिक्षक आपल्याच विदर्भात होऊन गेला. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) अमरावती जिल्ह्यातले. गावात आले की ते आधी हातात झाडू घेत, दिवसा रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडत. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात गावांनी स्वतः राबायचे, आपसांत स्पर्धा करायची आणि चांगल्या गावाला बक्षीस मिळायचे. गावाचा अभिमान जागा झाला की काम होते, हे या अभियानाने दाखवले.

तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील सुमारे ३८ टक्के घरांतच शौचालय आढळले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. पात्र कुटुंबाला बांधकामासाठी १२,००० रुपयांचे प्रोत्साहन मिळू लागले. एप्रिल २०१८ मध्ये राज्य हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. खूप काम झाले, हे मान्य केलेच पाहिजे.

५. बांधले, पण वापरतो का?

घरभेटींना जाताना मात्र आम्हाला काही घरी वेगळेच दिसते. संडासात सरपण, गोवऱ्या किंवा खताची पोती भरलेली असतात. आजोबा डबा घेऊन बांधीकडे निघालेले असतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते, “फादर, खड्डा लवकर भरेल ना! मग उपसणार कोण?”

या उत्तरात दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट माहितीची. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एका वेळी एकच खड्डा वापरायचा असतो. पाच-सहा माणसांच्या घरात साधारण एक मीटर रुंद आणि तेवढ्याच खोल खड्ड्याला भरायला काही वर्षे लागतात. तो भरला की चेंबरमधून वाट बदलून दुसरा सुरू करायचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षे तसाच ठेवला की आतल्या मैल्याची वास नसलेली काळी माती होते. तिलाच आपल्याकडे सोनखत म्हणतात. खड्डे विहिरीपासून किमान तीस-पस्तीस फूट दूर असावेत. तळाला सिमेंट करू नये. न्हाणीचे पाणी त्यात सोडू नये. पावसाळ्यात पाणी वर येणाऱ्या जागी जमीन भर घालून उंच करावी आणि खड्डे उथळ ठेवावेत.

दुसरी गोष्ट मनाची आहे, आणि ती अधिक कठीण आहे. “उपसणार कोण?” या प्रश्नामागे जातीचा जुना हिशेब दडलेला आहे. घाण आपली, पण ती काढणारा कोणी दुसरा, तोही आपल्याहून खालचा, असे आपण धरून चालतो. मैला हाताने काढायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण आपल्यासाठी कायद्याच्याही आधी पवित्र गुरुवार आहे. त्या रात्री प्रभूने कमरेला टॉवेल बांधला आणि धूळ-चिखलाने मळलेले पाय धुतले. ते काम त्या काळी गुलामाचे होते. दरवर्षी आपण तो विधी डोळे भरून पाहतो. मग घरचा संडास घासण्याचे काम फक्त सुनेचे कसे? आणि सोनखताची पाटी उचलायला आपण का लाजावे?

६. सुरुवात देवळापासून

दुसऱ्याला सांगण्याआधी आम्ही आमची चूक कबूल करतो. गेल्या सणाला दुरून आलेल्या बहिणींना देवळाच्या आवारात पुरेशी सोय नव्हती. दारांना कड्या नव्हत्या, पाणी दुपारीच संपले. आम्ही मंडप, फुले आणि लाउडस्पीकर यांचा विचार केला, पण हा विचार केला नाही. पुढच्या सणाआधी स्त्रियांसाठी वेगळी, कडी, पाणी आणि दिवा असलेली सोय करायची, असे आम्ही धर्मग्राम मंडळापुढे ठेवत आहोत. मंडपाचा खर्च कमी करावा लागला तरी चालेल.

तुमच्याकडून आम्ही तीनच गोष्टी मागतो. संडासातले सरपण बाहेर काढा आणि घरातल्या सर्वांनी, आजोबांनीसुद्धा, तो वापरायला सुरुवात करा. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. वाडीवस्तीत एखादी विधवा, म्हातारी किंवा नवे घर बांधलेले गरीब कुटुंब शौचालयाविना असेल, तर आज कोणती मदत मिळू शकते ते ग्रामपंचायतीत त्यांच्यासोबत जाऊन विचारा. ते कोणत्या धर्माचे आहेत, हे बघू नका. विहीर सर्वांची एकच आहे.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत कोणाच्या घरी शौचालय नाही, किंवा असून वापरले जात नाही? त्याचे खरे कारण काय?
२. आपल्या घरी संडास कोण साफ करतो? ते काम वाटून घेता येईल का?
३. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ कोणती घाण आहे? ती कोण आणि कधी हटवणार?

प्रार्थना : हे प्रभू, तू आमच्या वस्तीतून चालतोस. तुला लाज वाटेल असे काही आमच्या वाटेवर राहू देऊ नकोस. शिष्यांचे पाय धुणारे तुझे हात आमच्या हातांना हलक्या कामाची लाज न धरता सेवा करायला शिकवोत. आमेन.

तुमचे धर्मगुरू