पडलेल्याला पुन्हा मारणं हा रडीचा डाव का?

प्रश्न : माझा नातू नववीत आहे. सुट्टीत तो कॉम्प्युटरवर तलवारी, घोडे, जादूटोणा असलेला कसलासा ऑनलाइन खेळ खेळतो. परवा रडकुंडीला आला होता. कुणीतरी त्याच्या माणसाला मारलं, तो जिवंत झाला की पुन्हा मारलं, असं ११ वेळा. मी म्हटलं, तक्रार कर. तर म्हणतो, ‘आजोबा, ते अलाउड आहे.’ आठवड्याने पाहतो तर हाच पोरगा एका नवख्याला तसंच मारत होता, आणि स्वतः हरायला लागला की राउटरची पिन उपटत होता. आम्ही बोरिवलीच्या मैदानात कबड्डी खेळलेली माणसं. या खेळांत खिलाडूवृत्ती नावाची काही चीज असते का? — एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन गाऱ्हाणी एकाच गाठोड्यात बांधलेली आहेत : पडलेल्याला पुन्हा पुन्हा मारणं, ‘अलाउड आहे’ हे उत्तर, आणि राउटरची पिन. पिनेचं प्रकरण सोपं आहे, ते शेवटी घेऊ.

आधी एक गैरसमज बाजूला सारतो. मारामारीचे खेळ खेळून पोरं बिघडतात असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्राच्या आडून ते डोकावतंय. बुद्धिबळात आपण समोरच्याचा उंट मारतो, घोडा मारतो आणि मग त्याच्याबरोबरच चहा पितो. तुमच्या कबड्डीतही एका चढाईत दोन गडी मारले असंच म्हणत असाल. तेव्हा घोडं मारण्यापाशी अडलेलं नाही. ते अडलंय वजनकाट्यापाशी.

कबड्डीत सामन्याआधी वजन करतात. वरिष्ठ पुरुषांच्या गटात ८५ किलोच्या वर काटा गेला की मैदानात पाऊल नाही. या खेळांत काटाच नसतो. प्रत्येकाचं एक पात्र असतं, ते महिनोन् महिने खेळून वाढवायचं. त्याची पातळी चढते, चिलखत जाड होतं, तलवारीला धार येते. मग ६०व्या पातळीचा गडी आणि ८व्या पातळीवरचा तुमचा नातू एकाच रानात समोरासमोर येतात. खिलाडूवृत्ती म्हणताना आपण बरोबरीचा सामना गृहीत धरतो, इथं तोच नाही. आणि हे खेळ बनवणाऱ्यांच्या नजरचुकीने झालेलं नाही. रानात धोका नसेल तर लाकडं तोडणं आणि खाणीतून धातू काढणं हे नुसतं कारकुनी काम उरेल, असा त्यांचा हिशेब होता.

गल्लीतही काटा नव्हता, तरी निभावलं कसं? कच्च्या लिंबामुळे. धाकट्या भावाला खेळायला घ्यावंच लागे, कारण ती आईची अट असे. मग तो कच्चा लिंबू. तो आउट होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. ऑनलाइन जगात मात्र तो लिहावा लागला, आणि लिहिणाऱ्यांच्या नाकी नऊ आले.

‘अल्टिमा ऑनलाइन’ हा अमेरिकी खेळ सप्टेंबर १९९७मध्ये सुरू झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये चाचणी चालू असताना खेळाचे जनक रिचर्ड गॅरियट स्वतः ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या रूपात प्रजेला दर्शन द्यायला गेले. सर्व्हर नुकताच बंद होऊन सुरू झाला होता आणि महाराज आपलं अमरत्व पुन्हा चालू करायला विसरले होते. गर्दीतल्या एकाने आगीचा मंत्र टाकला, राजा जागच्या जागी गार. ही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट होती. पण खेळ सुरू झाल्यावर गावाच्या वेशीबाहेर लाकडं तोडायला गेलेला प्रत्येक नवखा असाच मरू लागला, तेव्हा हसू आटलं. उपाय झाले. पाच खून नावावर लागले की त्या माणसाचं नाव लाल दिसणार. बदनामी झाली की सुधारतील, ही अपेक्षा. झालं उलटंच, लाल नाव हे कित्येकांना पदक वाटायला लागलं. अखेर २०००मध्ये कंपनीने जगाची दुसरी प्रतच काढली. एका प्रतीत पूर्वीसारखी मोकळीक, दुसरीत समोरच्याच्या संमतीशिवाय हात उचलायचा नाही. बहुतेक लोक बिऱ्हाड उचलून शांत जगात राहायला गेले, आपली माणसं गिरगावातून बोरिवलीला आली तशी. मागे राहिलेले जुने खेळाडू आजही म्हणतात की त्या दिवशी खेळातला जीव गेला. तेही अगदीच चूक नाहीत. भीतीबरोबर सोबतीने जाण्याची, एकमेकांची पाठ राखण्याची गरजही संपली होती.

२००४मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने आणखी शहाणपणा केला. फारच खालच्या पातळीच्या शत्रूला मारलं तर मानाचे गुण मिळत नाहीत. शिवाय दोन शत्रुपक्षांना एकमेकांचं बोलणं कळूच नये अशी तजवीज केली. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला अगम्य अक्षरांत दिसायचं. म्हणजे शिव्यांचा प्रश्न मिटला! पण लोकांनी लगेच हेरलं की एका पक्षाने हसण्याचं ‘लोल’ लिहिलं की समोरच्याला ‘केक’ दिसतं. झालं. मेलेल्याच्या छातीवर उभं राहून ‘केक’ लिहायची प्रथा पडली, आणि न कळणाऱ्या भाषेतला तो एक शब्द मात्र सगळ्यांना कळू लागला.

मग गल्लीला जे फुकटात जमलं ते यांना का जमेना? पुष्कळ जण म्हणतात, खरी नावं नसतात म्हणून. हा दुसरा गैरसमज, किंवा निदान अर्धं उत्तर. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४मध्ये माणसं ऑनलाइन सैल का सुटतात याची सहा कारणं मांडली. निनावीपणा हे त्यातलं एकच. समोरच्याचा चेहरा न दिसणं हे वेगळं कारण, आणि ‘हे जग खोटंच आहे’ ही समजूत हे आणखी वेगळं. शंका असेल तर तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून पार्किंगवरची चर्चा वाचा. तिथं नाव, फोटो, फ्लॅट नंबर सगळं असतं.

माझ्या मते मोठं कारण हे की गल्लीतला भिडू उद्या पुन्हा भेटणार असतो. सकाळची ठरलेली लोकल पकडणारा ग्रुप पाहा. तिथं आलटून-पालटून बसायला देतात, अमुक स्टेशन आलं की उठायचं हे न सांगता पाळलं जातं. हीच माणसं अनोळखी गाडीत कोपर मारून चढतात. माणूस तोच, फक्त उद्याची भेट ठरलेली नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी घाटकोपर स्टेशनजवळ एका सायबर कॅफेत मी बराच वेळ घालवला आहे. पोटमाळ्यावर दहा मशिनं, मध्ये प्लायवुडचे पडदे, एकच पंखा. काउंटर-स्ट्राइक आणि डोटा चाले. कुणी कोपऱ्यात दबा धरून बसला की पडद्यापलीकडून आवाज येई, ‘ए कॅम्पर, बाहेर ये ना!’ हरलेल्या टीमने तासाचे पैसे भरायचे. शिव्या तिथंही होत्या, पण ज्याला शिवी दिली त्याच्याबरोबरच वडापावच्या गाडीवर उभं राहावं लागे, त्यामुळे हात जरा आखडता असे.

ऑनलाइन खेळातही एकेका सर्व्हरवर असंच गाव असायचं. चोरट्याचं नाव गावभर होई आणि पुढे त्याला कुणी सोबत घेत नसे. ‘वॉरक्राफ्ट’ने २००६मध्ये वेगवेगळ्या सर्व्हरचे खेळाडू एका रणांगणात आणले आणि २००९पासून सोबती आपोआप जुळवून द्यायला सुरुवात केली. वाट पाहणं संपलं, पण ओळखपाळखही गेली. उलट २००३पासून चालू असलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये लबाडी, लूट, विश्वासघात सगळं नियमात बसतं, मात्र जवळजवळ सगळे एकाच जगात. तिथं जहाज गमावलेला माणूस ‘जीएफ’, म्हणजे छान झाली लढाई, असं लिहून मोकळा होतो. सर्वांत निष्ठुर खेळात हा रिवाज टिकला आहे.

‘डार्क सोल्स’ (२०११) मध्ये तर द्वंद्वाआधी पात्राला वाकून नमस्कार करायला लावतात आणि लढाईच्या मधे औषध पिणाऱ्याला नावं ठेवतात. आखाड्यातल्या सलामीसारखंच हे, आणि कोणत्याही नियमपुस्तकात नाही. एप्रिल २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. या खेळाच्या स्पर्धांत हरणारा संघ ‘जीजी’, म्हणजे छान झाला खेळ, असं लिहितो, तिथं सामना संपतो. हार स्वतःच्या हाताने लिहून द्यायची.

आता निवाडा. नातवाला मारलं ते नियमात होतं, तेव्हा त्याचं ‘अलाउड आहे’ खरं. पण नियमात आहे म्हणून कच्च्या लिंबाला ११ वेळा मारणं शोभत नाही, हे त्याला तुम्ही कबड्डीच्या भाषेत सांगू शकता, तेवढं मराठी त्याला कळेल. पिन उपटणं मात्र शुद्ध रडी, ‘बॅट माझी, मी चाललो’ याचीच नवी आवृत्ती. खेळवाल्यांनाही ते माहीत आहे. ‘ईव्ह’मध्ये लढाई चालू असताना तुम्ही वायर काढलीत तरी जहाज १५ मिनिटांपर्यंत तिथंच तरंगत राहतं आणि समोरचा ते निवांत फोडतो. बॅटवाला घरी गेला तरी बॅट मैदानातच.

आणखी एक गोष्ट नातवाच्या कानावर घाला. अंतर कमी असेल तर खेळ अडखळत नाही, म्हणून बरेच खेळ जवळच्या खेळाडूंना जवळच्या सर्व्हरवर एकत्र आणतात, आणि असे कित्येक सर्व्हर मुंबईतच आहेत. त्याने ज्या नवख्याला लोळवलं, तो नाहूरला राहत असण्याची बरीच शक्यता आहे.